कुत्र्यानं आणलं ते आपलं

तट्टांचे खूर कापणं हे आमच्या घरातलं सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि ते यांच्याकडे होतं. दाणापाणी, पागा झाडणं आणि कुत्र्यांचं करणं माझ्याकडे. लग्न झालं तेव्हाच ही वाटणी ठरली आणि आम्ही ती कधी मोडली नाही, कारण मोडली की भांडण व्हायचं. बेटावर भांडून जाणार कुठे? माहेर समुद्रापलीकडे, आणि नावाडी मनात आलं तर यायचा.

घर बेटाच्या खालच्या टोकाला. पागेच्या मागून एक दगडी कुंपण टेकडीवर चढतं, पण अर्ध्यावरच ढासळलेलं आहे. हे दर वर्षी म्हणायचे, 'यंदा बांधून काढू.' त्याच्या पुढे एका अंगाला दलदल, दुसऱ्या अंगाला कडा, आणि मधल्या पट्ट्यावरून गेलं की वरचं कुरण लागतं. तट्टं दिवसभर तिथे चरायची. ऊन उतरलं की मी पत्र्याचा डबा वाजवायचे. दोनदा, मग जरा थांबून एकदा. की सगळी धडधडत खाली. सगळ्यांत पुढे थोरली, आमची जुनी घोडी. मागचा एक पाय वाकडा, पण तोरा असा की बेट जणू तिला आंदण मिळालंय. यांचा पुढचा दात तिनेच लाथ मारून अर्धा केला होता. तेव्हापासून यांची शिट्टी फाटकी यायची.

शिट्टीचं सांगायला हवं. आमच्याकडे धुकं पडतं ते भिंतीसारखं. धुक्यात आवाज फसवतो. हाक डावीकडून येते आणि माणूस उजवीकडे असतो. म्हणून धुक्यात हाका मारायच्या नाहीत. बाहेरच्याने शिट्टी द्यायची, घरातल्याने दार उघडून कुत्रं सोडायचं आणि नुसतं 'आण' म्हणायचं. कुत्रं जाऊन माणसाला शोधतं, माणूस त्याच्या गळ्यातला पट्टा धरतो, आणि कुत्रं त्याला पावलापावलाने घरी आणतं. गळ्यात घंटी असते. जाताना ती भराभर वाजते, येताना सावकाश. आणि दारात आलेल्याला 'कोण?' म्हणून विचारायचं नाही. विचारणं म्हणजे कुत्र्याचा अपमान. सासूबाई म्हणायच्या, 'कुत्र्यानं आणलं ते आपलं. तू कोण शहाणी लागून गेलीस?'

कुत्री दोन. एक म्हातारी, ठार बहिरी, चुलीजवळून हलायची नाही. दुसरा जमादार. त्याची आई त्याला जन्म देऊन गेलीच. दुधात भिजवलेली चिंधी चोखवून मी त्याला जगवला, पोटाशी घेऊन झोपले. हे म्हणायचे, 'मला कधी इतक्या मायेनं विचारलं नाहीस.' मी म्हणायचे, 'तुम्ही शेपूट हलवा, तुम्हालाही विचारते.'

त्या दिवशी हे खुरांची सुरी घेऊन वर गेले आणि दुपारीच धुकं उतरलं. शिट्टी आली. मी जमादारला सोडलं. घंटी भराभर गेली, बऱ्याच वेळाने सावकाश परत आली, आणि हे पट्टा धरून दारात उभे राहिले. केस ओले, हात गार. मी टॉवेल दिला, चहा दिला. ते म्हणाले, "छान झालाय." आणि कप स्वतः विसळून पालथा घातला.

आता नवरा सुधारला की बाईने देवाचे आभार मानावेत. मीही मानले. संसाराच्या इतक्या वर्षांत चहाला 'छान' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. ते जेवताना समोर बसून माझं ऐकून घ्यायचे. जमादार तर त्यांचे पाय सोडेना. मला जरा खटकलं, पण म्हटलं, जाऊ दे, घरातच आहे माया.

म्हातारी मात्र दुसऱ्याच दिवशी उठून गेली. जी चुलीपासून हलत नव्हती, ती उघड्या दारातून सरळ टेकडीकडे चालत गेली आणि परत आली नाही. मी दोन्ही अंगांना शोधून आले. रडले. हे म्हणाले, "मरायला गेली असेल. कुत्री जातात अशी." इतक्या गोड आवाजात म्हणाले की माझं रडणंच थांबलं.

सुरी हरवली, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, कंबर धरलीय. तट्टांकडे ते फिरकले नाहीत. एकदा मी कामात होते म्हणून डबा त्यांनी वाजवला, पण वरून एक शेपूट हलेल तर शपथ. मी वाजवला तेव्हा सगळी आली. मात्र दाण्यात तोंड घालायच्या आधी मागे वळून टेकडीकडे बघत उभी राहिली. ते अंगणात आले की थोरली त्यांच्याकडे पाठ फिरवायची. मी तिला म्हटलंसुद्धा, "भवाने, दात मोडलास तो पुरे नाही झाला का?"

नावाडी येऊन चहा पिऊन गेला. जाताना मला म्हणाला, "वहिनी, काय खायला घालता दादांना? चांगलेच तरतरीत दिसायला लागलेत." मला काय, बरंच वाटलं.

शेवटी जुनी सुरी घासून मीच वर गेले. खूर वाढून तट्टं लंगडायला लागली असती. ऊन स्वच्छ होतं, समुद्र दिसत होता. थोरलीचा वाकडा पाय उचलून मांडीवर घेतला आणि तसाच धरून बसले.

खूर कापलेला होता. आतल्या बाजूने किंचित तिरका. तिच्या वाकड्या पायाला तोल यावा म्हणून हे नेहमी तसाच कापतात. दुसऱ्या कोणाला ते ठाऊक नाही, नीटसं मलाही जमत नाही. मी एकेक करून सगळ्यांचे पाय उचलले. सगळ्यांचे कापलेले. आयाळीतल्या गाठी सोडवलेल्या. गवतात खुरांच्या पांढऱ्या कपच्या पडल्या होत्या, अजून ओल्या. आसपास कुणी नव्हतं. पण तट्टांचे कान मात्र सगळे एकाच बाजूला, एका मोकळ्या जागेकडे वळलेले.

घरी येऊन विचारलं, "तुम्ही वर गेला होतात?"

"नाही गं. कंबर कुठे चालू देते?"

"मग खूर कापले कुणी?"

"दगडावर झिजले असतील."

"झिजलेला कुठला आणि कापलेला कुठला, ते कळतं मला."

ते हसले. "मग तूच कापले असशील. विसरलीस."

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. अंधारात एकटी पागेत जाते, मेलेलं शिंगरू स्वतः पुरते. पण 'विसरलीस' म्हणताना हसलेल्या त्या तोंडाकडे मी पाहिलं. अर्धा दात जागच्या जागी होता. आणि माझ्या लक्षात आलं, की घरी आल्यापासून या माणसाने एकदाही शिट्टी वाजवलेली नाही.

"एक शिट्टी वाजवा बघू," मी म्हटलं.

"कशाला?" तो म्हणाला. "सगळी घरातच आहेत ना?"

इथून पुढे मी त्याला 'तो'च म्हणणार.

त्यानंतर मी धुक्याचीच वाट पाहत होते. ते एका दुपारी आलं. मी बटाटे सोलत होते, तो टेबलाशी बसला होता, जमादार त्याच्या पायांवर. वरून शिट्टी आली. फाटकी. अर्ध्या दाताची.

माझ्या हातातला बटाटा खाली पडला. त्यानेही ऐकली होती, कारण त्याचा हात हळूच जमादारच्या डोक्यावर गेला.

मी दार उघडलं. "जमादार, आण!"

जमादारने माझ्याकडे पाहिलं आणि हनुवटी परत त्याच्या पावलावर टेकवली.

"आण म्हणते ना!" मी पट्टा धरून ओढलं. त्याने अंग जड केलं. पुन्हा ओढलं, तेव्हा तो माझ्यावर गुरगुरला. माझ्यावर! चिंधी पिळून पिळून ज्याला थेंब थेंब दूध पाजलं, तो. खाल्ल्या मिठाला जागतं म्हणे कुत्रं. माणसाने फसवलं तर शिव्या तरी देता येतात. याला काय देणार होते मी?

शिट्टी पुन्हा आली. आता जरा दमलेली.

मी शाल घेतली. तो उठला नाही. मला अडवलंही नाही. फक्त म्हणाला, "जपून जा. काळजी करू नकोस. मागून कुत्रं पाठवतो."

कुंपणावर हात ठेवून चढत गेले. दगड ओले, हातापलीकडे काही दिसत नव्हतं. कुंपण संपलं तिथे उभी राहिले. डावीकडे दलदल बुडबुडत होती, उजवीकडे खोल खाली समुद्र. मग काहीतरी उबदार माझ्या खांद्याला लागलं. थोरली. तिची आयाळ धरली आणि ती नेईल तिथे गेले.

ती थांबली. तिच्या पाठीवर, पलीकडच्या बाजूने, एक हात होता. अंगठ्यावर सुरीचा जुना व्रण. मी तो हात धरला. गारठलेला होता, पण माणसाचा होता.

"किती वेळ लावलास!" हे म्हणाले. तोच खेकसणारा आवाज. मला रडूच फुटलं. "शिट्ट्या मारून तोंड दुखलं. हे धुकं काही सरेना. बसून काय करू, सगळ्यांचे खूर करून टाकले. जमादार कुठे?"

"तो येत नाही."

"येत नाही म्हणजे? मघाशी आला होता. पार जवळ आला, घंटी ऐकली मी. मग मागे फिरला आणि सावकाश निघून गेला. मला वाटलं, पट्टा धरायला तूच पुढे आलीस की काय." ते थांबले. "कुणाला नेलं त्यानं?"

मी काय सांगणार होते? की मी त्याला टॉवेल दिला, चहा दिला, इतके दिवस जेवायला वाढलं? यांच्यासाठी अजून तीच दुपार चालू होती.

यांच्या पायाशी काहीतरी हललं. म्हातारी. जिवंत, अंगाचं वेटोळं करून बसलेली.

"चला, उतरू या," मी म्हटलं. "थोरली नेईल."

"थोरली कुरणापुरती. डबा वाजल्याशिवाय ती घराकडे वळायची नाही. तू शिट्टी दे. तुझा तरी आहे तो."

मी शिट्टी दिली.

खाली दार उघडलं. 'आण,' असं कुणीतरी म्हटलं. घंटी भराभर वर येऊ लागली. कुंपणापाशी आली. दलदल नि कड्यामधल्या पट्ट्यावर आली. धापा ऐकू यायला लागल्या, ओल्या केसांचा वासही आला. मी हात पुढे केला.

"जमादार, बाळा, इकडे."

घंटी थांबली.

मग वळली. सावकाश वाजत, पावलापावलाने, खाली जाऊ लागली.

यांनी माझा हात घट्ट धरला. आम्ही दोघं ऐकत राहिलो. दाराची कडी वाजली. तो म्हणाला, "आलीस? भिजलीस किती!" 'कोण?' असं त्याने विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत. एका बाईचं पाऊल उंबऱ्याआड गेलं आणि दार लागलं.

तेव्हापासून धुकं हललेलं नाही. शिट्टी दिली की दार उघडतं, आणि बाई त्याला सांगते, "लक्ष देऊ नका. सगळी घरातच आहेत ना?" आवाज माझा आहे. मी असा स्वतःचा आवाज कधी बाहेरून ऐकला नव्हता.

आम्हाला आधार होता तो तट्टांचा. त्यांना टेकून बसलं की ऊब लागायची. हे म्हणायचे, "कुत्रं फितूर होईल, घोडं नाही."

आत्ता खाली डबा वाजला. दोनदा, मग जरा थांबून एकदा.

थोरलीने मान वर केली. मी तिची आयाळ धरली, "अगं, ती मी नाही" म्हटलं. यांनीही तिच्या गळ्यात हात टाकला. तिने आम्हाला दोघांना हुंगलं. मग तिची पाठ माझ्या हाताखालून निघून गेली आणि तिच्या मागून सगळ्यांच्या टापा.

म्हातारी तेवढी यांच्या पायाशी राहिली. तिला डबा ऐकू येत नाही.