दारातला गॉर्स

भर पावसात उर्वी झाडाला पाणी घालत होती, आणि फाटकाबाहेर एक भिजलेला मुलगा खुशाल हसत उभा होता.

"सॉरी... पण एडिनबरात पाऊस कमी पडतो का?"

चक्क मराठी! उर्वी फणकारली. "आंघोळ झाली की रोज पाणी घालते मी. आई तुळशीला घालते तसंच. तुला काय त्रास?"

"मला नाही, तिला. गॉर्स आहे ती! काटेरी झुडूप, डोंगरात, दगडात वाढते. तुझ्या लाडांनी बिघडली. स्टार्व्ह कर, मग फुलेल."

त्याचं नाव यतीन. जन्म इथलाच, त्यामुळे झाड त्याच्या तोंडी कधी 'ती', तर कधी 'तो'. बँकेतली नोकरी सोडून तो नर्सरीत रोपं वाढवायचा. शनिवारी तो खडीची पोती घेऊनच आला. दोघांनी मिळून उर्वीने घातलेलं महागडं खत उपसलं, खडी भरली, आणि तिच्या बोटात काटा रुतला. यतीनने बोट हातात घेऊन काटा काढला... आणि बोट मात्र सोडलंच नाही.

"निघाला ना काटा?" ती म्हणाली.

"हो. केव्हाच."

मग तो झाड बघायला वरचेवर येऊ लागला. झाड क्षणात बघून व्हायचं, चहा लांबायचा. एप्रिलमध्ये गॉर्स पिवळाधमक फुलला. फुलांचा खोवलेल्या नारळासारखा वास दारभर पसरला, आणि नेमकी नागपूरहून आई आली.

"काटेरी झाड? तेही दारात? घरात भांडणं लागतात, बाई!" आईचं ठरलेलं होतं. रविवारी लंडनजवळच्या मेडनहेडचा मिलिंद आणि त्याचे आईवडील उर्वीला बघायला येणार. मुलगा आयटीत, स्वतःचं घर. "त्याआधी हे उपट. आणि त्या माळ्याचं येणंजाणंही बंद कर."

यतीन फाटकातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं. आईने सरळ कुदळच त्याच्यापुढे धरली. "तूच काढ रे बाबा. नेऊन लाव तुझ्याकडे."

"काकू, मोठा झाड हलवला की मरतो," तो हळूच म्हणाला. तरी मोठ्यांचा शब्द मोडवेना. त्याने कुदळ घेतली. उर्वीकडे मात्र बघितलं नाही.

उर्वीच्या अंगाची लाही लाही झाली. आईचा राग आला, त्याहून जास्त याचा! तिने कुदळ हिसकावली आणि झाडाला पाठ लावून उभी राहिली. काटे कुडत्यातून टोचत होते. टोचू देत!

"झाड हलणार नाही, आई. आणि हाही कुठे जाणार नाही. माझं प्रेम आहे याच्यावर."

"उर्वी, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत!" ती यतीनकडे वळली. "आणि तू? कुणी खण म्हटलं की खणणार... की राहणार?"

यतीनचे डोळे भरून आले होते. "राहणार," तो म्हणाला. "काकू, सॉरी. पण मी राहणार."

तो तिच्या शेजारी, काट्यांना टेकून उभा राहिला.

"मेडनहेडला फोन तू करतेस, आई," उर्वीने विचारलं, "की मी करू?"