पलीकडचं टोक

आइस हॉकीच्या स्टेडियममधल्या कँटीनच्या रांगेत मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "बाई, वर पाटीवर काय लिहिलंय, जरा वाचता? चष्मा विसरलोय."

मी वळले. "नाकावर आहे की तुमच्या."

तो कानापर्यंत लाल झाला. पण आवाज... तो आवाज कॅनडातल्या आमच्या अख्ख्या सस्कॅचवान प्रांताला पाठ होता. ओरेस्ट हावरिलुक. रेडिओवर आइस हॉकीचं धावतं वर्णन करण्यात केस पिकलेला माणूस – आणि त्याला भिंतीवरच्या पाटीवरचं 'पिरोगी' हे पदार्थाचं नाव वाचता येत नव्हतं.

मी शाळेची बस चालवते, नजर पक्की आहे. त्या हिवाळ्यापासून प्रत्येक सामन्याला मी वर, कॉमेंट्रीच्या खोलीत, त्याच्या शेजारी बसायला लागले. समोर खेळाडूंच्या नावांचा तक्ता. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, ज्याच्याकडे जाईल त्याच्या नावावर माझं बोट. ते बघून तो बोलायचा. कधी त्याचा हात माझ्या बोटावर टेकायचा... आणि तिथंच राहायचा. मग एखादं नाव सुटायचं, आणि आम्ही माइक झाकून हसायचो. फसवणूकच होती ती. गोड होती, म्हणून चालली.

मग त्याचा सत्कार झाला. प्रत्येक भाषणात तेच, गरुडाची नजर. ओरेस्टनं सगळ्यांचे आभार मानले, तिकिटं फाडणाऱ्याचेसुद्धा. माझं नाव नाही. मी पहिल्या रांगेत, नवा झगा घालून, मूर्खासारखी टाळ्या वाजवत.

पुढच्या सामन्याला मी हात कोटाच्या खिशात घातले.

"वर्ना," तो माइक झाकून कुजबुजला, "बोट."

"गरुडाला कशाला हवं बोट?"

तो गप्प झाला. घरोघरी लोक रेडिओला थापट्या मारत असणार. माझी मलाच लाज वाटली. मी हात बाहेर काढणार, तेवढ्यात तो बोलला.

"मंडळी, मला पलीकडचं टोक दिसत नाही. गेले दोन हिवाळे तुम्ही ऐकलेला प्रत्येक गोल वर्ना शेलबर्गनं पाहिलाय. सत्काराला हे सांगायची लाज वाटली. जवळचं मात्र स्पष्ट दिसतं. शेजारी वर्ना आहे. नाक लाल, डोळे भरलेले – माझ्यामुळे. मला ती फार आवडते. लग्नाचं विचारलं तर काय म्हणेल... ते काही दिसत नाही."

खाली रेडिओ कानाला लावून बसलेले प्रेक्षक वळून वर बघायला लागले. तोंड लपवायला जागा नव्हती. मी माइक ओढला.

"हो म्हणेल," मी म्हणाले. "आणि ओरेस्ट, तू हे बोलत होतास तेवढ्यात आपण एक गोल खाल्लाय."