कोरड्या आठवड्याची हमी

जुलैचा दुसरा आठवडा होता आणि बीफातूच्या अंगणात दोरीवरचे कपडे खडखडीत वाळले होते. टॉवेल काढता काढता ईश्वरीने वर पाहिलं. नैऋत्येकडून काळे ढग येत होते. बेटाच्या डोक्यावर आले की फिकट, दुधट होत होते आणि पलीकडे गेले की पुन्हा काळवंडून समुद्रावर कोसळत होते. कोसळणारा पाऊस अंगणातून दिसत होता. अंगणात मात्र थेंब नव्हता. ढगांच्या पोटाखाली तीसेक ड्रोन घिरट्या घालत पांढरट धूर सोडत होते.

"हमी म्हणजे हमी," प्रणित खुर्चीत पाय पसरून म्हणाला. "पाच दिवस कोरडे, तेही पावसाळी दरात. आमच्या अख्ख्या आगारात कुणी बेटावर हनिमून केला नसेल."

प्रणित एसटीच्या आगारात मेकॅनिक होता. ईश्वरी माण तालुक्याच्या भूजल कार्यालयात विहिरींचं पाणी तपासायची. लग्नाला नऊ दिवस झाले होते. 'निरभ्र' नावाच्या कंपनीच्या सहलींत समुद्रकाठच्या झोपड्या त्यांना परवडणाऱ्या नव्हत्या. सगळ्यात स्वस्त प्रकार होता 'गावघर', म्हणजे चेरुवेली बेटावरच्या एखाद्या कुटुंबाकडे राहायचं. म्हणून ते बीफातूकडे उतरले होते.

"अहो, मी ओटी भरून येते," ईश्वरी म्हणाली. "काल जहाजातून उतरलो तेव्हा राहिलंच."

प्रणितच्या, म्हणजे खाडे, घराण्यात पद्धत होती. नव्या सुनेने नव्या गावचं पाणी तोंडी लावायच्या आधी तिथल्या विहिरीची ओटी भरायची. सासूबाईंनी खण, तांदूळ आणि सुपारी बॅगेत स्वतः बांधून दिली होती. नारळ तिकडंच घ्या, बेटावर नारळ कशाला न्यायचा, असंही बजावलं होतं.

बीफातू साठीची, काटक बाई. खण बघून ती गोंधळली. ईश्वरीने हिंदीत समजावल्यावर मात्र तिचा चेहरा बदलला. तिने नारळ आणून दिला आणि विहीर दाखवली. विहीर कसली, पुरुषभर खोल खड्डा, कडेने प्रवाळाचे दगड रचलेले. ईश्वरीने हळदकुंकू वाहिलं, ओटी ठेवली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि तसंच थुंकलं.

मग पर्समधून पेनाएवढा क्षारमापक काढून तिने पाण्यात बुडवला. हनिमूनला हा कशाला, म्हणून प्रणितने निघताना तिची चेष्टा केली होती. आकडा आला तीन हजार चाळीस. लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. दोन हजारांपर्यंत माणूस नाइलाजाने पितो. त्यापुढे गुरंसुद्धा तोंड फिरवतात.

"मावशी, हे पाणी कधीपासून असं आहे?"

"ते वर आल्यापासून," बीफातूने ड्रोनकडे हनुवटी उडवली. "चौथा पावसाळा हा. आधी ही विहीर अशी गोड होती, की जहाजवाले पिंप भरून न्यायचे."

ईश्वरीला उरलेलं कुणी सांगायची गरज नव्हती. अशा प्रवाळबेटावर नदी नसते, डोंगर नसतो. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. गोड पाण्याचं एक भलंमोठं भिंगच जमिनीखाली तयार होतं. समुद्राच्या पातळीच्या वर ते एक वीत उभं असेल, तर खाली साधारण चाळीस विती उतरलेलं असतं. पाऊस थांबला आणि वरची वीत गेली, की खालून खारं पाणी चाळीस विती वर चढतं. चार पावसाळे या बेटावर पाऊस पडू दिला नव्हता.

आणि कसा दिला नव्हता, तेही तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्याच तालुक्यावर विमानाने ढगांत मिठाचे जाड कण पेरले होते. जाड कण थोडे टाकले तर त्यांच्याभोवती मोठे थेंब धरतात आणि पडतात. इथे उलट चाललं होतं. अतिबारीक कण बेसुमार फवारायचे. ढगातलं पाणी मग कोट्यवधी इवल्या थेंबांत वाटलं जातं. कुठलाच थेंब पडण्याइतका जड होत नाही. त्या दिवशी माणमध्ये पंचेचाळीस मिनिटं पाऊस पडला होता आणि शाळा सुटली होती. तेच शास्त्र इथे लोकांचे कपडे वाळवायला लावलं होतं.

"कंपनीचं यंत्र खारं पाणी गोड करतं ना? काल खोलीत बाटल्या होत्या," प्रणित मागून येऊन म्हणाला.

"पाहुण्यांना बाटल्या. आम्हाला घरटी दोन कळशा," बीफातू म्हणाली. "प्यायला पुरतं. या नारळांना काय घालू? त्या नीरफणसाला? बघ पानं." नीरफणसाची पानं कडेने भाजल्यासारखी तपकिरी झाली होती. "गल्लीत सात घरं होती, मोळे." मोळे म्हणजे मुली. "सहा गेली. प्रशासनाचा माणूस रोज सकाळी दहाला येतो, पाणी मोजतो. लागोपाठ तीन दिवस तीन हजारांच्या वर गेलं, की विहीर बंद, घर बंद. आम्हाला मुख्यभूमीवर चाळीत खोली. माझे दोन दिवस झालेत."

"म्हणजे उद्या?"

"उद्या."

"मग तुम्ही आम्हाला घरात घेताच कशाला?" प्रणितच्या तोंडून निघून गेलं.

बीफातू रागावली नाही. "तुम्ही येता म्हणून चूल पेटते. तुम्ही येता म्हणून विहीर जाते. दोन्ही खरं आहे. मी काय करू, सांग."

प्रणितने फोन काढला आणि सहलीचे नियम उघडले. एसटीत नोकरी करणारा माणूस, नियमांची पुस्तकं वाचायची त्याला सवय होती. हे मात्र त्याने आज पहिल्यांदा वाचलं. हवामान बदलायचं तर त्या आभाळाखालच्या रहिवाशांची संमती लागते, असा कायदा होता. कंपनीने रहिवासी या शब्दाचा अर्थ तिसऱ्या पानावर दिला होता: 'बेटावर मुक्कामास असलेले नोंदणीकृत पाहुणे.' निम्म्याहून अधिक पाहुण्यांनी संमती मागे घेतली, तर फवारणी सहा तास थांबणार होती.

"आणि गाव?" ईश्वरीचा आवाज चढला. "इथं जन्मलेली तीनशे माणसं रहिवासी नाहीत आणि आपण काल आलेलो रहिवासी?"

"एकूण पाहुणे एक्केचाळीस. एकवीस जणांनी नाही म्हटलं तर पाऊस." प्रणितने स्वतःचा अंगठा पडद्यावर दाबला. आकडा एक झाला. "आता तू."

ईश्वरीने दाबला. पडदा लाल झाला. अंगठा जुळत नाही. तिने पुसून पुन्हा दाबला. जुळत नाही.

मग एकदमच दोघांना आठवलं. नोंदणी हळदीच्या दिवशी केली होती. सवलतीची मुदत दुपारी संपणार होती आणि ईश्वरीचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या मेंदीने भरलेले. "थांब ताई, हात हलवू नको," म्हणत करवली झालेली धाकटी बहीण, तन्वी, स्वतःचा अंगठा लावून मोकळी झाली होती. सगळे हसले होते. ईश्वरी कार्यालयात एकही आकडा पडताळल्याशिवाय सही करत नसे. आणि एका अख्ख्या गावाच्या आभाळावर तिच्या नावाने एकोणीस वर्षांच्या पोरीने, तेही लाडू खाता खाता, मान्य दाबलं होतं.

दोघं कंपनीच्या कार्यालयात गेले. तिथला व्यवस्थापक अभिमन्यू शेटे कोल्हापूरचा निघाला. त्याने दोघांना बसायला खुर्च्या दिल्या, शहाळी दिली.

"वहिनी, अंगठा तुमचा नाही म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तुम्ही पाहुण्याच नाही. मी तुमची संमती कशी काय मागे घेऊ?"

"मग माझ्या नावाने आलेला होकार तरी रद्द करा."

"तो वैध अंगठ्याने आलाय."

"अहो, पण तो अंगठा दहिवडीत आहे!"

"सिस्टीमला अंगठा लागतो, वहिनी, गाव लागत नाही." तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "हनिमूनला आलाय, मजा करा. एक विहीर म्हणजे काय आहे? आम्ही त्यांना पक्की खोली देतोय, नळ देतोय. उलट भलंच होतंय त्यांचं."

"भलं करायचंच होतं तर विचारायचं होतं," ईश्वरी उठली. "तुम्ही ढगांना हात लावायच्या आधी मापं घेता, वारा मोजता, दमटपणा मोजता. माणसं तेवढी मोजायची राहिली."

दुपारी सगळे पाहुणे जेवणघरात जमत. ईश्वरी टेबलाटेबलावर गेली. हातात क्षारमापक आणि विहिरीच्या पाण्याचा पेला. भाषण तिला जमत नव्हतं, म्हणून ती प्रत्येकाला एवढंच म्हणे, "एक घोट घेऊन बघा."

काहींनी घेतला. काहींनी नाकारला. पुण्याच्या एका नवरीचं संध्याकाळी वाळूवर फोटोशूट होतं. "ताई, तुमचं पटतंय हो, पण उद्या केलं तर नाही का चालणार?" ती म्हणाली. उद्या दहानंतर विहीर उरणार नाही, हे सांगितल्यावर तिने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने कॅमेऱ्याकडे. एका गृहस्थांनी सरळ सांगितलं, "आम्ही वर्षातून एकदा बाहेर पडतो. तिथंही दुसऱ्यांचेच प्रश्न?" त्यांचंही खोटं नव्हतं. इथे आलेल्यांपैकी श्रीमंत कुणीच नव्हतं, आणि ईश्वरीला राग याचाच जास्त येत होता. स्वस्तात सुख हवं असलेली माणसं गोळा करून कंपनीने त्यांच्याच हातून त्यांच्याहून गरिबांची विहीर बुजवायला घेतली होती.

वर्ध्याचे निवृत्त मुख्याध्यापक भोयर आणि त्यांची पत्नी लग्नाच्या पन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र बघायला आले होते. भोयरांनी घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं.

"अजी, लावा अंगठा," बाई म्हणाल्या.

"अवं, पण तुलेच ऊन पाहिजे होतं ना? गुडघ्याले?"

"गुडघा माहा हाय. विहीर तिची हाय. लावा मुकाट्याने."

त्यांचं बघून मागची तीन टेबलं उठली. चार वाजता आकडा वीस झाला आणि तिथेच अडकला. नवरीच्या टेबलावरचे दोन फोन उपडे ठेवलेले होते.

"वीस," प्रणित म्हणाला. "एकच पाहिजे." त्याने फोन तिच्याकडे सरकवला. "ईश्वरी, सिस्टीमला गाव लागत नाही, असंच म्हणाला ना तो?"

तिने तन्वीला फोन लावला. पडद्यावर तन्वी ओट्यापाशी उभी होती.

"ताई! कसं आहे बेट? भाऊजी काळे पडले का?"

"तन्वे, ऐक. मी तुला एक लिंक पाठवते. अंगठा लाव."

"परत? मागच्या वेळी लावला तर मला एक साडीपण मिळाली नाही."

"लाव आधी. मग सांगते."

"काय लिहिलंय... 'पावसास माझी हरकत नाही.'" तन्वी हसायला लागली. "अगं, इथं टँकर यायचाय, चार दिवस आभाळ नुसतं येऊन जातंय, आणि मी समुद्रात पाऊस पाडू? तिकडं काय कमी आहे पाण्याला?" ताईचा चेहरा बघून तिने हसू आवरलं. "बरं. लावते."

आकडा एकवीस झाला. पाच मिनिटांत ड्रोन एकेक करून धक्क्यामागच्या छपरावर उतरले. शेटे दारात उभा राहून कुणाशी तरी फोनवर चढ्या आवाजात बोलत होता.

गावाला बातमी पोचली होती. कुणी न सांगता माणसं बाहेर पडली. बीफातूच्या घरावर, शेजारच्या सहा बंद घरांवर पत्र्याच्या पन्हळी चढल्या, ताडपत्र्या ताणल्या गेल्या, सगळ्यांची तोंडं एका विहिरीकडे. प्रणित छपरावर चढून पन्हळींचे सांधे तारेने आवळत होता. पाचला पाऊस आला आणि साडेआठपर्यंत पडला. पाहुण्यांपैकी काहीजण व्हरांड्यात तोंड पाडून बसले होते. भोयरबाई गरम पाण्याच्या पिशवीने गुडघा शेकत होत्या.

सकाळी दहाला प्रशासनाचा माणूस आला. त्याने मापक बुडवला. दोन हजार एकशे सत्तर. त्याने वहीत लिहिलं आणि पहिल्यांदाच बीफातूकडे बघून हसला. तीन दिवसांची मोजणी आता पुन्हा एकपासून सुरू होणार होती.

बीफातूने ईश्वरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. ईश्वरीला हसता आलं नाही. तिने दोरीला बांधून मापक विहिरीच्या तळापर्यंत सोडला होता. तळाशी अजून तीन हजार दोनशे होतं. वरचं गोड पाणी म्हणजे खाऱ्यावर पसरलेली पातळ साय होती. आठ दिवस टिकेल, फार तर दहा. भिंग पुन्हा भरायला अख्खे दोन पावसाळे लागले असते. सहा तास भरताच, रात्री सव्वादहाला, ड्रोन पुन्हा उडाले होते.

पाचव्या दिवशी त्यांचं जहाज होतं. तेच जहाज नवे पाहुणे घेऊन आलं. बासष्ट. त्या प्रत्येकाने घरबसल्या मान्य दाबलेलं होतं. शेटे फुलांचे हार घेऊन धक्क्यावर उभा होता. या खेपेपासून कंपनीने नियमात सुधारणा केली होती. संमती मागे घ्यायला आता दोन तृतीयांश अंगठे लागणार होते.

"बॅगा चढवल्या," प्रणित जहाजावरून ओरडला. "भोंगा झाला, चल की!"

ईश्वरी शिडीशी आली आणि थांबली. एक जोडपं अजून उतरत होतं. मुलीच्या हातावरची मेंदी अजून गडद होती, हिरवा चुडा मनगटभर. आभाळाकडे बघून ती नवऱ्याला म्हणत होती, "बघ, खरंच कोरडं आहे!"

प्रणितनेही आभाळाकडे पाहिलं. मग तो उलट पावली आला, ईश्वरीच्या हातातली पर्स स्वतःकडे घेतली आणि म्हणाला, "जहाज दहा मिनिटं थांबेल. मी सांगतो त्यांना. तू बोल."

ईश्वरी त्या मुलीसमोर उभी राहिली.

"कुठून आलात?"

"सांगलीहून. का हो?"

"तुम्ही इथे यायच्या आधी कशाला होकार दिलाय, कुणी वाचून दाखवलं का तुम्हाला?"