साध्या पाण्याबरोबर

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा बाहेर पाऊस पडत होता. फेब्रुवारीतल्या गारठ्यात पाऊस आला की सगळं गाव वैतागतं; हा मात्र भलताच खुशीत दिसत होता.

दारात छत्री मिटता मिटता त्याने खोल श्वास घेतला... अगदी पोटभर. मग सर्दीच्या औषधांच्या फळीकडे गेला, एक डबी उचलली आणि माझ्यासमोर ठेवली. दुकानात मी लावते तसा त्याच्याही चेहऱ्यावर मास्क होता, त्यामुळे मला दिसत होते ते फक्त डोळे. लाल, पाणावलेले, आणि तरीही हसरे. असे डोळे असणाऱ्या माणसाने मास्क लावून फिरू नये, निदान नवख्या औषधवालीच्या दुकानात तरी.

"सर्दी झालीय," तो म्हणाला.

"ताप?"

"नाही."

"डोळे खाजतात?"

"थोडे... म्हणजे, बरेच."

"आणि आज पाऊस आहे म्हणून बरं वाटतंय."

त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"कारण तुम्हाला सर्दी झालेलीच नाही. तुम्हाला देवदाराच्या परागांची ॲलर्—"

"श्श्श!" त्याने चटकन मास्कवर बोट ठेवलं आणि मागे वळून पाहिलं. दुकानात आम्ही दोघं आणि वजनाचा काटा, बाकी कोणी नव्हतं. "हळू बोला ना, बाई! कोणी ऐकलं म्हणजे?"

ऐकलं तर काय होईल ते मला ठाऊक होतं. गेल्या शरद ऋतूत मावशी गेली आणि तिचं हे औषधाचं दुकान चालवायला मी ओसाकाहून कावातानीत आले. आमच्या कावातानीत देऊळ देवदाराचं, शाळेची बाकं देवदाराची, जेवायच्या काड्यासुद्धा देवदाराच्याच. इथे कोणी देवदाराने शिंका येतात म्हणणं म्हणजे कोळ्याने मला माशांचा वास सोसवत नाही म्हणण्यासारखं. दर वसंतात गावातल्या निम्म्या लोकांना महिनोन् महिने 'सर्दी' होते आणि बाकीचे निम्मे त्यावर विश्वास ठेवतात.

"तुम्ही जंगलात काम करता?" मी आवाज खाली आणून विचारलं.

"गेन्झो आजोबांचा नातू मी. कोहेइ."

झालं! गेन्झो आजोबा म्हणजे वरच्या डोंगराचे मालक. सात पिढ्या झाडं लावली आणि वाढवली त्या घराने. आठवी पिढी माझ्यासमोर नाक ओढत उभी होती.

"ही डबी आधीही घेतली होतीत?"

"खालच्या गावातून. गुण येतो, पण... झोप फार येते हो. परवा झाड कापताना डोळा लागला. क्षणभरच. करवत सटकली." त्याने मांडीकडे बोट केलं. कामाच्या जाड पँटवर वीतभर फाटलेलं, आतले पांढरे धागे बाहेर आलेले. "पँट चांगली होती. वाचलो."

तो हे हसत हसत सांगत होता. जिवावरचं पँटवर निभावलं होतं, आणि या माणसाला हसू येत होतं! मी डबी उचलली आणि माझ्या मागच्या फळीवर ठेवून दिली.

"ही मी तुम्हाला विकणार नाही."

"अहो, दुकान चालवायचंय की नाही तुम्हाला?"

"गिऱ्हाईक जिवंत राहिलं तर चालेल. या सर्दीच्या औषधात ॲलर्जीचं जुनं औषध असतं, त्यानेच झोप येते. हे घेऊन गाडी चालवायची नाही, यंत्राला हात लावायचा नाही. डबीवर लिहिलेलं असतं ते... वाचता ना?"

"अक्षर बारीक असतं."

"मग मी मोठं लिहून देते."

मी फेक्सोफेनाडीनच्या गोळ्या काढल्या. झोप न आणणाऱ्या औषधांपैकी हे एक. इतर काही औषधं चालू आहेत का, मूत्रपिंडाचा त्रास, दमा आहे का, सगळं विचारून घेतलं. मग कागदी पाकिटात गोळ्या घातल्या आणि मावशीच्या जाड शाईच्या पेनाने वर लिहिलं: सकाळी एक, संध्याकाळी एक. साध्या पाण्याबरोबर.

"पहिली गोळी सुट्टीच्या दिवशी घ्या, घरी असताना. झोप न आणणारी म्हणतात, पण शरीर ज्याचं त्याचं. गुंगी येत नाही ना बघा आणि मगच करवत धरा. कमी वाटलं म्हणून दोन घ्यायच्या नाहीत. साकेची दारू पिणार असाल तर—"

"बाई," तो मध्येच म्हणाला, "तुम्ही सगळ्याच गिऱ्हाइकांना इतकं रागावता?"

"फक्त हसत हसत मरायला निघालेल्यांना."

डोळे पुन्हा हसले. पाकीट खिशात घालून तो पावसात गेला, छत्री न उघडताच.

पुढच्या पावसाळी दिवशी तो पुन्हा हजर. या वेळी पानात गुंडाळलेली माशांची सुशी घेऊन, आणि तक्रारही घेऊन.

"झोप येत नाही, हे खरं. पण गुणही येत नाही हो, बाई. नुसत्या शिंका."

"गोळी कशी घेता?"

"सकाळी घाई असते. संत्र्याच्या रसाबरोबर..."

मी पाकिटावरच्या शब्दांवर बोट ठेवलं. तो ते वाचत राहिला.

"पाणी म्हणजे... पाणीच?"

"पाणीच! संत्र्याच्या, सफरचंदाच्या रसाने हे औषध अंगात नीट उतरतच नाही." मी नवं पाकीट घेतलं आणि आणखी एक ओळ लिहिली: रसाबरोबर नाही!! दोन उद्गारचिन्हं दिली, तेवढ्याने माझा राग निघाला. खरं सांगायचं तर रागही फारसा नव्हता. आकाशात ढग आले की मी हल्ली केस पुन्हा विंचरत होते, त्याचाच राग जास्त होता.

त्या दिवशी तो तासभर थांबला. सुशीची पुडी काउंटरवर इकडून तिकडे सरकवत त्याने मनातलं सांगून टाकलं. शहरातल्या एका लाकूडकामाच्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं. मार्चअखेरीपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"जायचंय तुम्हाला?" मी विचारलं. जमेल तितक्या सहज.

"डोंगर सोडवत नाही. पण ज्याला देवदाराखाली धड श्वास घेता येत नाही तो तिथला मालक कसा होणार? आजोबांना कळलं तर... त्यांना वाटेल, सात पिढ्यांनंतर हे काय निपजलं! त्यापेक्षा नोकरीचं निमित्त बरं. रुसतील, पण लाज वाटणार नाही त्यांना."

"आजोबांना सांगून तर बघा."

"तुम्ही त्यांना ओळखत नाही."

मी खरंच ओळखत नव्हते. चारच दिवसांनी ओळख झाली.

लख्ख ऊन, वारा, डोंगरावरून पिवळा धूर उठावा तसे पराग उडत होते. मागच्या दारावर टकटक झाली. उघडलं तर गेन्झो आजोबा. ताठ कणा, आणि कांदा चिरल्यासारखे डोळे.

"तुझी मावशी मला पिवळ्या गोळ्या द्यायची," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "वर्तमानपत्रात गुंडाळून. तीस वर्षं."

मी तोंडावर हात ठेवला. बरं झालं, मास्क होता.

"आजोबा, त्या गोळ्या घेतल्यावर झोप येते ना?"

"दुपारी जरा डुलकी काढतो झाडाखाली. सगळ्या गावाला माहीत आहे. लोक म्हणतात, गेन्झो झाडांशी बोलतो."

"आणि... लघवीला त्रास?"

आजोबा कानापर्यंत लाल झाले. म्हणजे होता. मी त्यांना बसवलं, समजावलं, की या वयात त्या जुन्या गोळ्यांनी लघवी अडू शकते, तोल जाऊ शकतो, आणि त्या घेऊन घाटात ट्रक चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. ते पिवळ्या गोळ्यांचे दिवस आता संपले. तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवून या, मग दुसऱ्या गोळ्या देते. दोन दिवसांनी ते खरोखरच डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आले. मूत्रपिंडं ठणठणीत होती. मी पाकिटावर त्याच ओळी लिहिल्या. संत्री गावात सगळ्यांच्याच घरी असतात, म्हणून रसाचीही लिहिली.

"कोहेइला कळता कामा नये," जाताना ते म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता. "पोराला बोलावणं आलंय शहरातून. मला सांगत नाही, पण पत्र मी पाहिलं. त्याला डोंगर नकोसा झालाय, दुसरं काय! जाऊ दे. आजोबाच तीस वर्षं खोटा वागला असं कळून तरी जायला नको."

दार लागलं आणि मी तिथेच जमिनीवर बसले. इकडे आड, तिकडे विहीर! एक शब्द बोलले असते तर दोघांचंही भलं झालं असतं, आणि नेमका तोच बोलायची मला मुभा नव्हती. औषधवालीने या कानाचं त्या कानाला केलं की तिने दुकान बंद करावं, हे मावशीचं वाक्य. कोहेइ जाणार होता. माझ्या डोळ्यांसमोरून जाणार होता, आणि कारण इतकं हास्यास्पद की रडूच यावं.

मला करता येण्यासारखं एकच होतं. दोघांनाही तेच तेच सांगत राहिले: घरी बोला. पालथ्या घड्यावर पाणी! गोळ्यांनी मात्र चोख काम केलं. कोहेइच्या शिंका थांबल्या. आजोबांची डुलकीही गेली.

"आजोबांना काहीतरी होतंय," कोहेइ एकदा काळजीने म्हणाला. "दहा दिवस झाले, दुपारी झोपत नाहीत. नुसते माझ्याकडे बघत बसतात. काही औषध देता येईल का हो?"

मी गोळ्यांच्या डब्या उगाच पुन्हा मांडत राहिले. "त्यांनाच विचारा," म्हटलं.

मग वसंतसंपाताचा दिवस आला. त्या दिवशी अख्खं गाव देवळामागच्या कबरींना फुलं वाहायला जातं. मीही मावशीसाठी गोडाचे भाताचे लाडू घेऊन गेले. गेन्झो आजोबांच्या घराची कबर शेजारीच, गावातल्या सगळ्यात जुन्या देवदारांखाली. आणि त्यांच्या घरचा नियम सगळ्यांना ठाऊक: पूर्वजांसमोर तोंड झाकायचं नाही.

कोहेइने मास्क काढला. मग शेजारच्या कबरीकडे, माझ्याकडे पाहिलं. मावशीसमोर मीही झाकून उभी राहिले असते तर बरं दिसलं नसतं... मीही काढला. महिनाभर आम्ही एकमेकांचे फक्त डोळे पाहिले होते. उजव्या गालावर त्याला खळी पडते, हे मला तेव्हा कळलं. त्याला काय कळलं कोण जाणे, पण हातातली उदबत्ती बोटाला लागेपर्यंत तो तसाच बघत होता.

तेवढ्यात वारा सुटला.

वरच्या फांद्या हलल्या आणि पिवळी धूळ भसाभस खाली आली. औषध औषध असतं, जादू नव्हे. पहिली शिंक कोहेइला आली. त्याने दुसरी दाबली, तिसरी दाबली, जीव घुसमटून चेहरा जांभळा झाला. आणि मग एक शिंक अशी दणदणली की फांदीवरचे कावळे उडाले.

ती कोहेइची नव्हती.

आजोबांना लागोपाठ सात शिंका आल्या. आठवी थोपवायला त्यांनी बाहीतून रुमाल ओढला, आणि त्याबरोबर एक कागदी पाकीट खाली पडलं. कोहेइ उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. जाड शाई. दोन उद्गारचिन्हं.

त्याने सावकाश आपल्या खिशातलं पाकीट काढलं. दोन्ही शेजारी धरली.

"आजोबा... तुम्हालासुद्धा?"

म्हातारा आधी पाकिटांकडे, मग नातवाकडे बघत राहिला. "सुद्धा म्हणजे?"

"म्हणजे... मलाही. लहानपणापासून. तुम्हाला लाज वाटेल म्हणून..."

"लाज? अरे गाढवा, तू म्हणून शहरात निघाला होतास?"

"मग तुमची ती दुपारची डुलकी? झाडांशी बोलणं?"

"गोळी होती ती!" आजोबा ओरडले आणि नववी शिंक आली. नाक पुसून ते कबरीसमोर उभे राहिले, आणि एकदम हळू बोलले. "तीस वर्षं शिंकत शिंकत झाडं लावली, पोरा. उगवायची काही राहिली नाहीत. झाडांना शिंक ऐकू येत नाही."

कोहेइ हसायला लागला. हसता हसता रडायला लागला, की परागांनीच डोळे वाहत होते, सांगणं कठीण. मी मात्र परागांशिवायच रडत होते. मला कसली ॲलर्जी नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी पाऊस पडला. मी केस तीनदा विंचरले. तो आला तो मास्क न लावताच, आणि बराच वेळ छत्रीच झटकत राहिला.

"कारखान्याला उत्तर धाडलं," तो म्हणाला.

"काय... काय लिहिलंत?"

"लिहिलं की यायला जमणार नाही. माझं औषध जिथे मिळतं ते दुकान तुमच्या शहरात नाही."

"या गोळ्या कुठेही मिळतात," मी म्हणाले.

"मिळत असतील. असं रागावून कोण देणार?"

त्याने आपली औषधांची वही माझ्यासमोर उघडून ठेवली. कधी काय घेतलं ते आम्ही त्यात लिहितो. मी पेन उचललं, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. लिहिलं: पुढच्या वर्षी पराग उडायच्या आधीच, जानेवारी संपता संपता सुरू करावं.

"माझ्या लक्षात नाही राहणार," खळी पडली. "कोणीतरी आठवण करायला हवी. पुढच्या वर्षी. त्याच्या पुढच्याही. आजोबांचा दाखला बघितला तर... तीस वर्षं तरी."

बाहेर पाऊस संथ पडत होता. मी मान वर केली नाही. त्या ओळीखाली माझ्या नावासकट आणखी एक ओळ लिहिली आणि वही त्याच्याकडे सरकवली: आठवण चिनात्सु करेल.

त्याने ती ओळ वाचली. मग काउंटरवर ठेवलेला माझा पाण्याचा पेला उचलला, संध्याकाळची गोळी काढली, आणि माझ्या डोळ्यांत बघत साध्या पाण्याबरोबर घेतली.