गुलाबावरचे फुलकिडे

धुळ्याच्या मुलींच्या शाळेतले गुलाब त्या उन्हाळ्यात धड उमलेनात. कळ्या कडेने करपायच्या, पानं वाकडी व्हायची.

"बठ्ठ्या कळ्या जळी ग्यात, बाई," उखर्डू माळी म्हणाला. मुख्याध्यापिकांनी झाडं उपटायला सांगितलं होतं. शाळेतल्या शिक्षिका प्रमिलाबाईंकडे बागेची देखरेख, म्हणून त्याच उभ्या होत्या. उखर्डूनं कुदळ उचलली, तोच फाटकातून आवाज आला—

"अहो, थांबा!"

भाचीला सोडायला आलेला तो तरुण शेतकी खात्यातला, अभिमन पाटील. त्यानं डोक्यावरची पांढरी टोपी काढून फुलाखाली धरली, फूल हलकेच झटकलं. टोपीत पिवळसर, बारीक रेघा वळवळल्या.

"फुलकिडे. पाकळ्यांत लपून रस शोषतात. झाडं वाचतील."

"आणि टोपी?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

तो लाजला… टोपी खिशात गेली.

झाडं उपटणं लांबलं. करपलेल्या कळ्या खुडून जाळल्या, तण काढलं. दर शनिवारी संध्याकाळी तो साबण घातलेला तंबाखूचा काढा पानांच्या खालून फवारू लागला. फुलं झटकताना प्रमिला खाली कोरा कागद धरी.

"आज कमी दिसतात," तो म्हणे.

"कागद इकडे आहे, पाटील. तुम्ही पाहता कुठे?"

कळ्या टपोऱ्या झाल्या. मग एकदा मुख्याध्यापिका म्हणाल्या, "लोक बोलतात, प्रमिलाबाई. तुमच्यासारखीनं जपायला हवं."

तुमच्यासारखीनं… म्हणजे विधवेनं.

शनिवारी प्रमिलानं कोरा कागद पुढे केला. "एकही किडा नाही. आता येऊ नका."

"किडे केव्हाच गेले," अभिमन म्हणाला. "मी… तुमच्यासाठी येत होतो."

तिनं कागदाची घडी घातली. "माझं लग्न झालं होतं. ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. आईलाही सांगितलंय."

"काय म्हणाल्या?"

"आधी रडली. दोन दिवसांनी म्हणाली, एकदा पिंप्राळ्याला घेऊन ये, मला बोलू दे तिच्याशी." त्यानं टोपी काढली. "आई नाही म्हणाली, तरी माझं ठरलंय."

व्हरांड्यात मुख्याध्यापिका उभ्या होत्या, इकडेच पाहत. प्रमिलानं पदर सावरला, पण आवाज मुळीच खाली आणला नाही.

"उद्या सुट्टी आहे. पिंप्राळ्याला जायला जळगावची पहिली एस.टी. किती वाजता सुटते?"