उजवीकडचं अक्षर

सुमेधा अमेरिकेत, वेस्ट विंडसरजवळच्या एका छोट्या संग्रहालयात जुनी नाणी साफ करायची. त्या आठवड्यात तिच्या टेबलावर तांब्याचं एक टोकन होतं. सतराव्या शतकात इंग्लंडात सुट्ट्या पैशांची चणचण झाली, तेव्हा दुकानदारांनी स्वतःच अशी टोकनं पाडली होती. हे एका मेणबत्तीवाल्याचं. एका बाजूला काठीला टांगलेल्या चरबीच्या मेणबत्त्या. दुसऱ्या बाजूला आद्याक्षरं: वर आडनावाचं, खाली डावीकडे नवऱ्याचं. उजवीकडची बायकोची जागा मात्र गुळगुळीत.

"झिजलं असेल," फोटो काढणारा नील म्हणाला.

झिजलेलं नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसत होतं, तिथं कधी काही ठोकलंच नव्हतं.

घरी आल्यावर नवऱ्यानं, परीक्षितनं, नाक मुरडलं. "कसला गं वास हा? चरबी जळल्यासारखा."

तिनं हात घासघासून धुतले. वास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तिची गाडी सर्व्हिसिंगला होती. परीक्षित तिला न्यायला येणार होता, आला नाही. ती कॅबनं घरी पोचली, तर टेबलावर दोनच ताटं: त्याचं आणि लेकीचं, आन्याचं.

"सॉरी यार, पूर्ण विसरलो," तो म्हणाला. तोच घाबरलेला दिसत होता.

सकाळी टोकनवर उजवीकडे, बायकोच्या जागी, 'एस' होता. ठसठशीत.

"नील, हे काल नव्हतं."

नीलनं आधीचा फोटो उघडला. त्यातही 'एस'. "होतं की," म्हणत तो तिच्याकडे बघत राहिला, नाव आठवत असल्यासारखा.

आजवर तिनं एका नाण्यावर ओरखडा येऊ दिला नव्हता. आता ती ते अक्षर खरवडू लागली. सुई मोडली. अक्षरावर चरासुद्धा उठला नाही, तिचं बोट तेवढं कापलं.

तिनं परीक्षितला फोन लावला.

"हू इज धिस?"

"अरे, मी!"

"सॉरी, राँग नंबर."

ती तशीच घरी धावली. शाळा सुटली होती, अंगणात लख्ख ऊन होतं. किल्ली फिरली, पण दाराला आतून साखळी होती. फटीतून आन्यानं पाहिलं.

"आन्या, दार उघड ना, राजा."

मुलीच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ओळखही नव्हती.

"बाबा, देअर्ज अ मावशी ॲट द डोअर," आन्या आत वळून म्हणाली.

मग परत फिरून, सुमेधानंच शिकवला होता तसा, तिनं हात जोडून नमस्कार केला.