चौथ्या रांगेचा पासवर्ड

थाप वाटत असेल तर खुशाल समजा. पण माझा मामा फुशारक्या मारण्यात पटाईत आहे, आणि असा माणूस स्वतःची फजिती रचून सांगत नाही. म्हणून मी हे खरं मानते.

रविवार होता. दुपारचे तीन. मामा नोकरी करतो ते परीक्षा केंद्र : लांबलचक हॉल, चार रांगा, चाळीस कॉम्प्युटर. एकातही डिस्क नाही. बटण दाबलं की प्रत्येक जण नेटवर्कवरून सर्व्हरकडे हात पसरतो आणि मगच सुरू होतो.

सोमवारी सकाळी नऊला नर्सिंगची परीक्षा. चाळीस मुली. जास्तीचं एकही मशीन नाही.

आणि मामाच्या साहेबांनी आदल्या दिवशी काय करावं? फर्मवेअर अपडेट, म्हणजे मशीनला सुरू करणारा मूळ प्रोग्रामच बदलायचा.

आधी एका मशीनवर करून बघावं, एवढी अक्कल शाळेतल्या पोरालाही असते. साहेबांनी एकदम चाळीसवर सोडलं आणि घरी जाऊन ताणून दिली. अपडेटने सेटिंग पुसली, नेटवर्कवरून सुरू होणं, म्हणजे नेटवर्क बूट, बंद पडलं. चाळीस काळे पडदे आणि एकच ओळ... बूट करायला काही सापडलं नाही.

निस्तरायला मामा. एक जरी मशीन बंद राहिलं तर उद्यापासून येऊ नकोस, असं त्याला फोनवर ऐकवलं गेलं. चूक एकाची, नोकरी दुसऱ्याची. वा रे साहेब.

मामा एकेका मशीनच्या सेटिंगमध्ये शिरून नेटवर्क बूट चालू करत गेला. तीन रांगा दोन तासांत झाल्या.

चौथ्या रांगेने पासवर्ड मागितला.

ती दहा जुनी मशिनं. मामाच्या आधी सगळं सांभाळणाऱ्या मॅडमनी त्यांच्या सेटिंगला पासवर्ड घातला होता. अपडेटने तो तेवढा पुसला नव्हता, आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. आणि मॅडम गेल्या वर्षी वारल्या.

पासवर्ड पुसला जाईल म्हणून मामाने एकाची पेटी उघडून आतला सेलही काढून पाहिला. ढिम्म.

मग त्याचं टाळकं सरकलं. "काय बाई होती," तो मोठ्याने म्हणाला. "मेली ती मेली, पासवर्डही घेऊन गेली."

हॉलमध्ये फक्त एसीची घरघर होती.

तीही थांबली...

टक. टक. टक.

रांगेच्या पलीकडच्या टोकाला. कुणी एका बोटाने टाइप करावं तसं.

खुर्ची रिकामी होती.

पडदा उजळला. परीक्षेचं पान उघडलं.

साहेब घरून काहीतरी करतायत, असं मामाला वाटलं. त्याने फोन लावून तिरकसपणे झोप झाली का विचारलं. नेटवर्क बंद असलेलं मशीन घरून कसं उघडणार, गाढवा, एवढंच उत्तर आलं.

फोन ठेवेपर्यंत दुसरं मशीन सुरू झालं होतं.

मग तिसरं... चौथं...

आवाज एकेक खुर्ची ओलांडत जवळ येत होता.

नऊ मशिनं झाली.

दहावं मामाच्या समोर होतं. त्याचे दोन्ही हात मांडीवर.

पासवर्डच्या चौकटीत ठिपके उमटू लागले. आठ ठिपके.

आणि मग एकेक करून पुसले गेले.

पुन्हा आठ. पुन्हा पुसले. मांजर उंदराला खेळवतं ना, तसं.

"मॅडम," मामाच्या तोंडून कसंबसं निघालं, "चुकलं माझं."



मग आठ ठिपके... आणि ते तसेच राहिले. एंटर त्याच्यासाठी ठेवलं होतं.

मामाने दाबलं.

ती एकच कळ गरम होती.

सोमवारी चाळीसच्या चाळीस चालली. शाबासकी साहेबांनी घेतली, हे वेगळं सांगायला नको.

परवा ते हॉलमध्ये आले, म्हणाले, नवं अपडेट आलंय. मामा म्हणाला, या वेळी आधी एकावर करून बघू या.

साहेब फिदीफिदी हसले. "ती बाईसुद्धा असंच रडायची. भित्री मेली."

चौथ्या रांगेत एकदाच टक वाजलं.

साहेबांना ते ऐकू आलं नाही.

शनिवारी ते एकटेच अपडेट करायला येणार आहेत. मामाने रजा टाकली आहे. का, ते मी विचारलेलं नाही.